तारोडीतल्या चार खुंट्या

भाईंदरला कोणी हवापालटाला जात नाही. मीही गेलो नसतो. पण लढाईचे दिवस होते, शहरांत रेशनच्या दुकानांपुढे रांगा लागत होत्या आणि खेड्यांत भात नक्की पिकलंय किती, या एका प्रश्नाने सरकारला घेरलं होतं. जसं पीक, त्या मानाने गावाने सरकारला भात घालायचं. याला लेव्ही म्हणत. पिकाचा अंदाज आजवर तलाठी बांधावर उभा राहून नजरेने करत आला होता. त्याला म्हणतात आणेवारी. आता डॉक्टर पानवलकर नावाचे एक प्रोफेसर पुढे आले होते. त्यांचं म्हणणं असं की नजर फसवते. मी सांगतो त्या शेतातला मी सांगतो तेवढाच तुकडा कापा, वजन करा, आणि अशा थोड्याशा तुकड्यांवरून मी साऱ्या तालुक्याचं भात सांगतो.

मी खात्यात हिशेबतपासनीस. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून पाहायची, हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि तो घरापर्यंत पोचलेला. दूधवाल्याचं माप मी उलटं करून पाहतो. आमची मंडळी म्हणते, तुम्ही एक दिवस सूर्याकडूनही पावती मागाल. बहुधा याच गुणावर खूश होऊन साहेबांनी मला प्रोफेसरांबरोबर पाठवलं. "काही गोलमाल आहे का बघा. तुमची सही आली तरच पुढे मंजुरी," एवढंच ते बोलले. म्हणजे एका माणसाचं आयुष्यभराचं काम माझ्या सहीला टांगलेलं होतं, आणि ही गोष्ट त्या माणसाला ठाऊक होती. म्हणून भाईंदर स्टेशनवर प्रोफेसरांनी माझी वळकटी उचलायला हात पुढे केला, तेव्हाच मी सावध झालो.

खारी

स्टेशनाच्या बाहेर पडलं की मिठाचे ढीग दिसतात. झावळ्यांनी शाकारलेले, घरांच्या ओळीसारखे. मी आधी त्यांना घरंच समजलो आणि एवढ्या घरांतून माणूस एकही कसा दिसत नाही, म्हणून मनात खूण करून ठेवली. नवघरावरून पायी खारीला गेलो. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, कापणीला आलेली, आणि त्यांच्या पलीकडे खाजण, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी खारट जमीन. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले. त्या बांधांवरच इथल्या माणसांचं सगळं अवलंबून.

आमचा मुक्काम तलाठी म्हात्रे यांच्याकडे होता. हे खारीचेच, जुन्या आगरी घरातले, चार पिढ्यांची शेती आणि मिठागरात हिस्सा. माणूस थोराड, आवाज मोठा, पण प्रोफेसरांसमोर तो आवाज लहान झालेला. मला कारण कळायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं त्यांनी जी आणेवारी लिहिली, ती प्रोफेसरांच्या वजनाशी ताडून पाहिली जाणार होती. प्रोफेसर खरे ठरले तर म्हात्रे खोटे ठरण्याची शक्यता होती. असा माणूस आपल्याला जेवू घालणार, हे मी ध्यानात ठेवलं.

पहिला घोट घेतला तो चहा खारट. मी कप खाली ठेवला आणि म्हात्र्यांकडे पाहिलं.

"पाणीच तसं हाय साहेब इथलं," ते म्हणाले. "दोन दिवसांत जिभेला कळायचं बंद होतं."

प्रोफेसर कप संपवून दुसरा मागत होते. जेवताना त्यांनी बोंबील-वांग्याच्या कालवणाशी तांदळाच्या भाकऱ्या अशा काही मोडल्या की ब्राह्मणाच्या घरात जन्मल्याची कुठे खूण राहिली नाही. माझ्यासाठी वालाचं बिरडं वेगळ्या भांड्यात केलं होतं. ते खरोखर उत्तम होतं. तरी भांडं वेगळं होतं याची खात्री मी स्वयंपाकघरात डोकावून करून घेतली.

जेवण झाल्यावर ओटीवर प्रोफेसरांनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. त्यात अक्षर असं नाहीच, पानामागून पान नुसते आकडे. बेरीज नाही, क्रम नाही, कशाचा कशाशी संबंध नाही. हिशेबतपासनिसाला असलं पुस्तक दाखवणं म्हणजे सोवळ्यातल्या माणसाच्या अंगावर पाणी उडवणं. या पुस्तकातून आकडा काढायचा, तो ज्या गावाचा आणि ज्या शेताचा निघेल ते शेत घ्यायचं. किनाऱ्याच्या या पट्ट्यासाठी तारोडी गाव आधीच निघालं होतं. आता त्यातलं शेत काढायचं होतं.

"पान मी काढणार," मी म्हणालो.

"मी तेच सुचवणार होतो," प्रोफेसर म्हणाले. हे उत्तर मला फार आवडलं नाही.

मी डोळे मिटून पान उघडलं, डोळे मिटूनच टाचणी टोचली. म्हात्र्यांच्या आई दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच सुनेला विचारलं, "मुहूर्त काढतात काय गो?" सुनेने मान डोलावली. आकड्याला जे शेत लागलं त्याचं नाव म्हात्र्यांनी आपल्या दप्तरात पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. शेत होतं तारोडीच्या रोझामावशीचं. "विधवा बाई हाय. मुलगा बोटीवर, लढाईच्या. तिचंच शेत निघायचं होतं," ते म्हणाले. दुसरं शेत घेता येईल का, असं त्यांनी विचारून पाहिलं. प्रोफेसर नाही म्हणाले. जे निघेल ते घ्यायचं, आवडनिवड करायची नाही, एवढाच त्यांचा नियम होता.

राई-मुर्ध्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने निघालो. राई, मुर्धा ही गावं ओलांडत खाडीकडेने रस्ता, एका अंगाला ताडाची झाडं, दुसऱ्या अंगाला मिठागरांची चौकोनी तळी, त्यांत आभाळ पडलेलं. वारा सुटला की सुकत घातलेल्या मासळीचा वास येई आणि मी उपरणं नाकाला लावी. गाडीवान माझ्याकडे बघून हसला. "बामनाला दर्या मानवत न्हाय," असं तो बैलांना म्हणाला.

प्रोफेसर बोलू लागले. मी विचारलं नव्हतं, म्हणून नीट ऐकलं. आपण होऊन बोलणारा माणूस काय वगळतो, तिकडे कान द्यावा.

विलायतेत गणित शिकून आल्यावर त्यांना पहिली नोकरी लागली ती खानदेशात, सरकारी शेतावर. काम कापसाची बोंडं मोजायचं. घरच्यांनी लग्नाच्या बाजारात हे लपवून ठेवलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मोजणारे बदलले की कापूसही बदलतो. मग त्यांनी एक गंमत केली. गावातल्या शाळामास्तरांना सांगितलं, त्या आंब्याचं कुठलंही एक पान तोडून आणा. कुठलंही. सगळ्यांनी पानं आणली.

"एकाच्याही पानाला कीड नव्हती," प्रोफेसर म्हणाले. "अर्धं झाड किडलेलं होतं हो. पण 'कुठलंही' म्हटलं की माणसाचा हात चांगल्याकडेच जातो. लबाडी नाही ती. त्याला कळतसुद्धा नाही. तेव्हापासून मी माणसाचा हात बाजूला काढायच्या मागे लागलोय."

त्या एका पानावरून पुढे त्यांनी काय काय केलं ते सांगताना त्यांचा चेहरा तरुण झाला. ऊस, गहू, विणकरांचे माग, गिरणगावातल्या चाळींतली माणसं. सगळीकडे हीच युक्ती: थोडं घ्यायचं, पण आपल्या मर्जीने घ्यायचं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आता मद्रासपासून लाहोरपर्यंत पसरली होती. पण सरकारने अजून त्यांचा एकही आकडा हिशेबात धरला नव्हता. ही भाताची कापणी पहिली.

"आणि आकडा मोठा निघाला तर खातं खूश होईल," मी सहज म्हणालो.

"होईल ना. मोठा आकडा कोणाला नको असतो?" ते म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

हे वाक्य मी मनात लिहून घेतलं. आकडा मोठा म्हणजे लेव्ही मोठी, लेव्ही मोठी म्हणजे खातं खूश, खातं खूश म्हणजे पद्धत मंजूर. या पट्ट्यात मोजकीच शेतं निघाली होती. त्यांतला एक आकडा जरी फुगला तरी किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना घरातलं भात काढून द्यावं लागणार होतं. आणि मोठ्या आकड्याने ज्याचं भलं होणार तो माणूस माझ्या शेजारी, माझ्याच घोंगडीवर बसला होता.

तारोडी

तारोडी समुद्राला पाठ देऊन बसलेलं गाव. घरांपुढे क्रूस, क्रूसापुढे तुळशीसारखं वृंदावन बांधलेलं, त्यावर फुलं. बायका लुगडं आमच्याकडच्यासारखंच कासोटा घालून नेसतात आणि गळ्यात जपमाळ. मी बराच वेळ त्यांना आपल्यातल्या धरायचं की कसं याचा हिशेब करत होतो. तो काही जुळला नाही. चर्चला इथे देऊळच म्हणतात. फादरांनी देवळाच्या शाळेची खोली आम्हांला उतरायला दिली.

रोझामावशी शेतावरच होती. पन्नाशीची, काटक, कपाळाला घामाने चिकटलेले पांढरे केस. म्हात्र्यांनी तिला सगळं समजावलं. तिने माझ्याकडे, मग पुस्तकाकडे पाहिलं.

"मोजा. देवानं दिलं हाय ते लपवून कुटं ठेवू?" ती म्हणाली. आजूबाजूच्या बांधांवर गाव जमला होता. त्यांतल्या कोणाचीही नजर आमच्या पिशव्यांवरून हलत नव्हती.

पद्धत अशी. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून पुस्तकाने सांगितली तेवढी पावलं लांबीत जायचं, तेवढी रुंदीत. जिथे पाऊल थांबेल तिथे चार खुंट्या ठोकून दोरी ताणायची. त्या चौकोनातलं पीक कापायचं, झोडपायचं आणि वजन करायचं. आकडे मी वाचून दिले. पावलं प्रोफेसरांनी टाकली. मी त्यांच्या मागोमाग जायला निघालो आणि पहिल्याच पावलाला माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही. म्हात्रे आणि आणखी दोघं चप्पल शोधत राहिले. चिखलाने ती गिळली ती गिळलीच. मी बांधावर पाय धूत बसलो आणि खुंट्या ठोकलेल्या लांबून पाहिल्या. उरलेली एक चप्पल घालून काय करायचं, म्हणून ती मी रागाने खाडीत टाकली आणि अनवाणी परतलो.

लोंब्यांवर दमट हवा बसली होती. ओलं भात वजनाला फसवतं. म्हणून कापणी दुसऱ्या दिवशी, दंव उडाल्यावर करायची ठरली. खुंट्या रात्रभर शेतात राहिल्या.

सकाळी गेलो तेव्हा चौकोनातलं भात पाहून मला बरं वाटलं. लोंब्या टपोऱ्या, जडपणाने वाकलेल्या. कापणी झाली, रोझामावशीने स्वतः केली, पहिला विळा लावण्याआधी कपाळावर क्रूसाची खूण करून. झोडपणी झाली, वजन झालं. म्हात्र्यांनी काटा पुन्हा एकदा वाचून पाहिला. त्यांच्या आणेवारीपेक्षा वजन कितीतरी चढ होतं.

"साहेब, तारोडीत असं भात न्हाय पिकत," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "मी इथलाच हाय. या आकड्यावर लेव्ही बसली तर ही माणसं जूनपर्यंत खातील काय? आणि मग बोलतील, म्हात्र्यानं इतकी वर्सं खोटं लिवलं."

प्रोफेसर बांधावर बसले होते. चष्मा पुसत माझ्याकडे बघत होते. आकडा मोठा आला तर आनंद लपवणारा माणूस असाच बसेल, असं मला वाटलं.

दुपारी सगळे जेवून पडले तेव्हा मी एकटा शेतावर गेलो. नैऋत्य कोपरा धरला आणि मीच वाचून दिलेले आकडे आठवून पावलं टाकली. पावलं थांबली ती कापलेल्या चौकोनात नव्हे. ती थांबली शेताच्या खालच्या कोनात, बांधाला लागून. तिथलं भात करपलेलं होतं. बांध कुठेतरी झिरपला होता, खारं पाणी आत आलं होतं, आणि उभ्या पेंढ्यात दाणा नावाला नव्हता. मी पुन्हा पावलं टाकली. पुन्हा तिथेच. वाकून पाहिलं तर मातीत चार भोकं होती.

म्हणजे खुंट्या रात्री हलल्या होत्या. वाईटातून चांगल्यात.

कोणी हलवल्या? शेतकऱ्याने हलवायच्या तर उलट, चांगल्यातून वाईटात. आकडा लहान यावा म्हणून. म्हात्र्यांचंही तेच. मोठ्या आकड्याचा फायदा असलेला माणूस एकच होता. मला त्याचा राग आला, आणि राग येण्याचं कारण असं की गाडीतल्या त्या आंब्याच्या पानाने मी जवळजवळ पाघळलो होतो.

शाळेच्या ओसरीवर

प्रोफेसर शाळेच्या ओसरीवर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सरळ विचारलं, "प्रोफेसरसाहेब, खुंट्या का हलवल्यात?"

त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "हेच मी तुम्हाला विचारणार होतो."

"मला?"

"सकाळी शेतात पाऊल टाकलं तेव्हाच चौकोन चुकीच्या जागी आहे हे मला दिसलं. माझी पावलं मी विसरत नाही. जुन्या जागी जाऊन पाहिलं तर भोकांपाशी अनवाणी पावलं उमटलेली. कालपासून आपल्यात अनवाणी कोण आहे?" त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. "तुम्ही खात्याचे. खात्याला आकडा मोठा हवा. मला वाटलं, यांना पाठवलंय ते यासाठीच. म्हटलं, वजन होऊ दे, हा माणूस रिपोर्टात काय लिहितो ते बघू."

मी पायऱ्यांवर बसलो. इतक्या वर्षांत माझ्यावर कोणी संशय घेतल्याचं मला आठवत नाही. हा प्रकार इतका लागतो हे मला माहीत नव्हतं. मग प्रोफेसरच हसू लागले.

"गाव सगळा अनवाणी चालतो, आणि मी एका पावलावरून तुम्हाला धरलं," ते म्हणाले. "माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर घालवलं असतं."

शेत तिचं, तेव्हा आधी तिलाच विचारावं म्हणून आम्ही दोघं म्हात्र्यांना घेऊन रोझामावशीच्या घरी गेलो. म्हात्रे वाटेत सांगत होते, "ती कबूल न्हाय करनार. कशाला करील?"

रोझामावशी अंगणात जुडी बांधत होती. सकाळी कापलेल्यातल्याच काही लोंब्या झोडपण्याआधी तिने बाजूला ठेवून घेतल्या होत्या, प्रोफेसरांना सांगून, त्यांचं वजन करवून. म्हात्र्यांनी खुंट्यांचं विचारलं.

"मीनंच हलयल्या," ती जुडी न सोडता म्हणाली. "का, काय झालं?"

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी प्रोफेसरांकडे.

"त्या कोनाला खारं लागलंय. तिकडं नुसता पेंढा," ती म्हणाली. "शेताची पयली कापनी हाय वो ती. रविवारी आगेरा हाय. पयल्या कापनीची जुडी देवलान जाते, फादर तिला आशीर्वाद देतो, मंग सगला गाव कापनीला हात लावतो. त्या जलक्या कोनाशी पयला इळा लावू मी? माजा पोर दर्यावर हाय. चार म्हयने झाले, बातमी न्हाय. त्याचे नावानं हाय ही जुडी." मग ती जरा ओशाळली. "तुमी पावनी मानसं. तुमाला त्या जागेचं सांगायला लाज वाटली. बोललं, गपचूप हलवू, तुमचं बी वजन चांगलं येल."

आमच्याकडे दसऱ्याला दारावर नव्या लोंब्यांचं तोरण लागतं. पुण्यात त्या मंडईतून येतात. पण माझी आई त्यांतली एकेक लोंबी बोटांत धरून पाहायची आणि पोचट निघालेली बाजूला फेकायची. मंडईवाला कुरकुरायचा. तिथे अंगणात उभं राहून मला ते आठवलं.

म्हात्र्यांनी मग तिला लेव्हीचं सांगितलं. त्या वजनावर काय ठरणार आहे, किती घरांतून भात जाणार आहे, हे सांगितलं. कुंपणापलीकडे दोन-तीन बाया उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. रोझामावशीचे हात थांबले.

"मंग आता?" ती एवढंच म्हणाली. त्या वेळी तिचा चेहरा मला बघवला नाही.

"आता जिथे पुस्तकाने सांगितलं होतं तिथे कापायचं," प्रोफेसर म्हणाले. "सकाळचं वजन मी धरणार नाही. पण तुमची हरकत असेल तर..."

"हरकत कसली? पयली कापनी झाली नं. आता कुटूनबी कापा. जलका कोन कापा न्हायतर बांद कापा."

माझ्या मनात लगेच आलं, ही बाई दिसते तेवढी भोळी आहे का? देवाला चांगलं पोचलं, सरकारला करपलेलं. पण ती आधीच विळा शोधायला घरात गेली होती, आणि कुंपणापलीकडच्या बाया तिच्याशी बोलत नव्हत्या. मी तो विचार सोडला. पुरता सुटला असं म्हणत नाही.

संध्याकाळच्या आत करपलेला कोन कापला. चौकोनाला दोरी मी ताणली, पावलंही मीच टाकली. झोडपून निघाले ते मूठभर दाणे आणि बराचसा कोंडा. प्रोफेसरांनी तेही तितक्याच काळजीने काट्यावर घातलं. हा आकडा खात्याला आवडणार नव्हता. त्यांच्या पद्धतीचा बळी कदाचित याच कोनात जाणार होता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी आकडा लिहिला आणि टाक माझ्यापुढे केला.

"दुसऱ्या कुठल्यातरी गावात पुस्तक असंच सगळ्यात चांगल्या भातात नेऊन उभं करील," ते म्हणाले. "सगळं मिळून खरं निघतं. एकेकट्या शेतात ते नसतं. पण आज रात्री हे तुम्हाला पटायलाच हवं असं नाही."

पटलं नव्हतं. पण पावलं मी मोजली होती. मी सही केली.

आगेरा

रविवारी आम्ही थांबलो. गाव शेतावर गेला, फादरांनी उभ्या पिकावर पवित्र पाणी शिंपडलं, गाणी म्हणत जुड्या देवळात आणल्या. रोझामावशीची जुडी सगळ्यांत भरदार होती. तिच्यात मध्येच एक काडी करड्या रंगाची, दाणा नसलेली, खुपसलेली दिसत होती. फादरांनी तिच्याकडे बोट करून विचारलं.

"ती त्यांचे पुस्तकातली हाय," रोझामावशी आमच्याकडे बघत म्हणाली. "ती बी माज्याच शेताची हाय."

प्रोफेसर खाली बघत राहिले. नंतर हळदीच्या पानात उकडलेल्या, नव्या तांदळाच्या गोड पातोळ्या आल्या. मी काही चौकशी न करता चार खाल्ल्या. चहासुद्धा आता खारट लागत नव्हता.

परतल्यावर

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "बाईने खुंट्या हलवल्या, त्याही चांगल्या भातात. स्वतःवर लेव्ही वाढवून घ्यायला. हे तुम्हाला पटतं?" त्यांनी विचारलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तिथे खाण्यापिण्याची व्यवस्था बरी होती म्हणे." तुम्हाला त्यांनी विकत घेतलं, असं ते तोंडाने म्हणाले नाहीत. मी म्हणालो, मलाही पटलं नव्हतं, म्हणूनच पावलं टाकून पाहिली. साहेबांनीही तारोडीला जाऊन टाकून पाहावीत. ते गेले नाहीत. पण बाकीच्या शेतांची वजनं आली, सगळी मिळून आकडा बसला, आणि तो म्हात्र्यांच्या आणेवारीपासून फार लांब नव्हता. लेव्ही तारोडीला झेपली. म्हात्र्यांनी मला मिठाची गोण पाठवली. ती मी परत केली.

या प्रवासाला आता काही वर्षं झाली. लढाई संपली. रोझामावशीचा मुलगा परत आला की नाही, हे मला कळलं नाही. म्हात्र्यांना पत्र लिहिलं होतं, त्यांची बदली झाली होती. प्रोफेसरांची पद्धत आता जिकडेतिकडे चालते. ती कशी चालवावी याचे नियम छापून निघाले, त्यांत एक नियम असा आहे की शेतकऱ्याला आधी त्याच्या पसंतीच्या जागेवरून देवापुरतं पीक कापू द्यावं, आणि मगच खुंट्या ठोकाव्यात. त्याचं कारण दिलेलं नाही. नवे अधिकारी या नियमाला कंटाळतात.

गेल्या हंगामात मावळात तपासणीला गेलो होतो. बरोबरचा तरुण अधिकारी घाईत होता. त्याने दोरी काढली, खुंट्या काढल्या. शेतकरी विळा घेऊन लांब उभा होता, आम्ही आलो तसा तो आणखी मागे सरकला.

"थांबा," मी म्हणालो. "आधी त्यांना कापू द्या."

"कुठून कापू?" शेतकऱ्याने विचारलं.

"तुम्हाला आवडेल तिथून."

त्याने माझ्याकडे आपादमस्तक संशयाने पाहिलं. या बोलण्यात कुठे फास आहे, तो शोधत होता. मी त्याला हवा तेवढा वेळ दिला. अखेर तो शेतात शिरला, मधोमध गेला, लोंब्या बोटांत धरून धरून पाहिल्या आणि एक मूठ कापली. ती छातीशी धरून तो बांधावर परत आला. मग मी पुस्तक उघडलं.